न्यूटन रिंग्ज: मधला ठिपका काळा का?

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सोडियम दिव्याच्या ५८९.३ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशात भिंग सपाट काचेवर ठेवतात. ते टेकतं तिथे हवेचा थर जवळपास शून्य. भिंगाच्या खालच्या पृष्ठावरून आणि सपाट काचेवरून परतणाऱ्या दोन्ही किरणांचा मार्ग सारखाच, तरी मधोमध काळा ठिपका! कारण खालच्या काचेवरून परतणारी लाट उलटी होते. हा उलटफेर मॅक्सवेलच्या समीकरणांतूनच निघतो. विद्युतचुंबकत्व आणि प्रकाशशास्त्र एकत्र का शिकायचं, याचं याहून देखणं उत्तर मला माहीत नाही. ठिपका उजळ दिसला, तर बहुधा मध्ये धूळ असते. काचा पुसून घ्या. रिंग्जचे व्यास मोजताना मायक्रोस्कोपचा स्क्रू मात्र एकाच दिशेने फिरवा. मध्येच उलटा फिरवलात, की आट्यांमधली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते आणि व्यासांच्या वर्गाचा आलेख सरळ येत नाही.