स्तनदा मातेचे अंतर्वस्त्र

बाळाला पहिले ६ महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असे आरोग्यशास्त्र सांगते. या काळात मातेच्या ब्रेसियरकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. घट्ट पट्टीचा किंवा तारेचा स्तनांवर सतत दाब पडल्यास दूध साचून गाठी येतात व प्रसंगी स्तनदाह होतो. म्हणून ब्रेसियर सुती, रुंद पट्ट्यांची व पुढून उघडणारी असावी. दूध उतरल्यावर स्तनांचा आकार वाढतो. त्यामुळे जुन्या मापावर न जाता नव्याने माप घ्यावे. पट्टीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. दुधाने भिजलेली ब्रेसियर लगेच बदलावी. धुऊन उन्हात वाळवावी. स्तन लाल होऊन ताप आल्यास अंगावर पाजणे न थांबवता आरोग्य केंद्रात दाखवावे. माता स्वस्थ असेल, तरच बाळाचे पाजणे सुखाने पार पडते.