परसांतील वेलावरचे शत्रु-मित्र

पौष लागला कीं आमच्या शेवगांवच्या घरीं वालाच्या शेंगांची वाट पाहणें सुरू होतें. विहिरीकडेच्या मांडवावरील हा वेल म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबाची हिंवाळ्यांतील कोठीच होय. एके वर्षीं सलग चार दिवस आभाळ आलें आणि वेलाचे कोंवळे शेंडे काळ्या माव्यानें भरून गेले. पानें चिकट झालीं, त्यांवर काजळी चढली, मुंग्यांची रांग लागली. त्या गर्दींत चिमुकल्या सुसरीसारखे दिसणारे, करड्या अंगाचे कांहीं किडेही फिरत होते. हेच मुख्य अपराधी असें ठरवून आम्हीं ते सकाळभर वेंचून चिरडले. आठवड्याभरांत मावा दुप्पट झाला!

पुढें भिंग घेऊन पाहिलें, तेव्हां आमची चूक ध्यानांत आली. चिरडले ते आमचेच रखवालदार होते. तांबूस, वाटोळ्या पाठीवर काळे ठिपके मिरविणारा ढालकिडा कोणास ठाऊक नाहीं? परंतु त्याची अळी ओळखणारे विरळा. दोघांचाही आहार मावा हाच. केंसासारख्या देंठावर एकेक अंडें घालणारी, जाळीदार पंखांची हिरवी माशीही याच पक्षाची. तिची अळी मावा धरून त्याचा रस शोषिते.

माव्याची मादी आपल्या उष्ण हवेंत नराविनाच पिलें प्रसवते आणि तीं पिलेंही थोड्याच दिवसांत प्रसवूं लागतात. तो झाडाचा रस पिऊन गोड द्रव टाकतो. त्या द्रवाच्या लोभानें मुंग्या माव्याचें रक्षण करतात व ढालकिड्यांना हांकून लावतात. युरोपांत बाकल्याच्या पिकावरही असाच काळा मावा पडतो आणि तेथेंही हेंच नाट्य चालतें.

अशा वेळीं जहाल विष फवारण्याचा मोह होतो. त्यानें शत्रु व मित्र दोन्ही मरतात. परंतु मावा झपाट्यानें पुन्हा वाढतो, मित्र मात्र सावकाश परततात. शिवाय ज्या शेंगा आपण दोन-तीन दिवसांआड तोडतों, त्यांवरील विष अखेर मुलांच्या ताटांतच यावयाचें. उलट, १८८८ सालीं ऑस्ट्रेलियांतून नेलेल्या ढालकिड्यांनीं कॅलिफोर्नियांतील संत्र्यांच्या बागा एका पांढऱ्या किडीपासून वांचविल्या, हें प्रसिद्धच आहे.

आतां आम्ही असें करतों. फार माखलेला शेंडा खुडून टाकतों, बाकीचे पाण्याच्या धारेनें धुतों आणि मुंग्यांची वाट मोडतों. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम या प्रमाणांत कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, किंचित् साबण घालून सायंकाळीं शिंपडतों. शेंगेस भोंक दिसलें, तर ती अळीसकट काढून टाकतों. आमच्या तालुक्यांतील कपाशी, तूर व हरभऱ्यावर पडणारी घाटेअळीच कित्येकदां वालावरही येते.

हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. हातीं भिंग द्यावें आणि एकच नियम सांगावा : चिरडण्यापूर्वीं तो किडा काय खातो, तें पाहावें. त्या सकाळीं आम्हीं तेवढें पाहिलें असतें, तर त्या वर्षींचा वाल हातचा गेला नसता.