सोवळ्यातला डावा हात

सकाळची पहिली केस सिझेरियनची. कोपरानं नळ सोडायचा, बोटांपासून कोपरापर्यंत हात घासायचे आणि ते वर धरून, कोपरातून पाणी निथळत ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत शिरायचं. गाऊन-ग्लोव्हज चढले की मग निर्जंतुक कापडाबाहेर कशालाही शिवायचं नाही. मास्क घसरला तरी दुसऱ्या सिस्टरला सांगायचं. सासूबाईंना हे समजावताना मला एकच शब्द पुरला: सोवळं.

घरच्या सोवळ्यात मात्र माझ्या डाव्या हाताला कधी जागा नव्हती. मी जन्माची डावरी. तुळजापूरजवळच्या आमच्या गावात नवरात्र आलं की आजी माझ्या हातातलं ताट काढून घ्यायची. डाव्या हाताचा नैवेद्य भवानीला चालत नाही म्हणे. सासरी ज्वारीची भाकरी थापायला बसले की ती परातीत उलटी फिरायची आणि जावा हसायच्या. भाषासुद्धा त्यांच्याच बाजूची. सरस ते उजवं, कमी ते डावं.

ओटीतली हत्यारंही उजव्यांचीच. उजव्या हातात कात्री आवळली की पाती एकमेकींवर दाबली जातात. डाव्या हातात तोच जोर त्यांना दूर लोटतो आणि धागा न कापता मध्येच दुमडतो. आर्टरी फोर्सेप्सला दात्यांची अडकण असते. उजव्या अंगठ्यानं कडी बाहेर रेटली की ती सुटते. डाव्यानं तसंच केलं तर उलट घट्ट बसते. डाव्यानं सोडवायची तर अंगठ्याची कडी आत ओढून दुसरी बोटानं बाहेर ढकलावी लागते. डावखुऱ्यांची वेगळी हत्यारं बनतात, पण तालुक्याच्या ओटीत सेट सगळ्यांना एकच. इनचार्ज सिस्टरांनी मला बाद झालेली एक आर्टरी दिली होती. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी ती महिनाभर लावत-सोडत बसले.

खरी परीक्षा सुईची. अर्धगोल सुई नीडल होल्डरमध्ये धाग्याच्या बाजूनं साधारण एक तृतीयांशावर पकडतात. होल्डरचं तोंड वर असताना उजव्या हाताच्या सर्जनला टोक डावीकडे लागतं. माझा हात ते आपसूक उजवीकडे ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात मी तशी सुई दिली. सरांनी ती पाहिली आणि एक शब्द न बोलता परत केली. ते न बोलणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टर स्टूल ओढून माझ्या समोर बसल्या. "आरशात बघितल्यासारखं माझ्या हाताकडं बघ," म्हणाल्या. त्यांचा उजवा, माझा डावा. आर्टरी लगेच जमली. सुईपाशी आल्यावर त्यांनी थांबवलं. "हितं आरसा नाही गं चालायचा. सुई तुझ्या हाताला नाही, सरांच्या हाताला लाव."

तेव्हापासून तेच करते. होल्डर उचलण्याआधी सरांची मूठ डोळ्यांपुढे आणते. उजव्या सिस्टरांना हा विचार करावा लागत नाही, त्यांची सवय आणि सरांची गरज एकच असते. पण पाहुणे सर्जन डावखुरे निघाले, तर या सिस्टरांचा हात अडखळतो.

एका बाबतीत मात्र मी फायद्यात आहे. ट्रॉली पेशंटच्या पायांवर, मी सरांच्या समोरच्या बाजूला. उजवा हात पोटाजवळ, डावा ट्रॉलीपाशी. डाव्यानं उचलायचं, उजव्यानं द्यायचं. अंग वळवावं लागत नाही.

ओटीत खास डाव्या हातासाठी बनलेली एकच वस्तू मला रोज मिळते: डावा ग्लोव्ह. ही चीज मुळात सिस्टरच्याच हातांसाठी आली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्पटन या ओटी नर्सचे हात जंतुनाशकानं सोलवटायचे, म्हणून सर्जन हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले.

आता शिकाऊ मुली येतात तेव्हा मी त्यांना समोर बसवते. बहुतेक उजव्या, म्हणून आरशासारखं पटापट उचलतात. परवा एकीनं कात्री उचलली आणि पटकन हात बदलला. मी ते पाहिलं. काही न बोलता तिचं स्टूल उचललं आणि माझ्या शेजारी ठेवलं.