मिटत्या चाकूचा जोर खिळीपाशी

अखंड सुरीत पोलादाची एकच पट्टी टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत जाते. घडीच्या चाकूत ती मधोमध तोडलेली असते. तोडलेल्या जागी खिळी येते आणि उघडलेले पाते जागेवर राहावे म्हणून कुलूप येते. सगळा ताण मग बोटाच्या पेराएवढ्या जागेत गोळा होतो. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकला जाणारा चाकू हातात आला, की लोक आधी पात्याची जाडी बघतात. बघायला हवी ती ही पेराएवढी जागा.

अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ मध्ये आणलेला ‘११० फोल्डिंग हंटर’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. शिकाऱ्यांना सुरीची ताकद हवी होती, पण कमरेला लांब म्यान नको होते. पावणेचार इंचांचे पाते, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ, मध्ये लाकूड आणि वजन २०० ग्रॅमच्या आसपास. मुठीच्या पाठीत एक पोलादी दांडी असते. तिचा दात स्प्रिंगच्या जोरावर पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो आणि दांडी दाबल्याशिवाय उचलला जात नाही.

आता तरफेचे गणित मांडू. खिळीपासून टोक नऊ सेंटिमीटरवर आणि खाच नऊ मिलिमीटरवर आहे असे धरा. पाते मिटवू पाहणारा १० किलोचा भार टोकाशी आला, तर दातावर १०० किलोचा येतो. घडीचा चाकू पहार म्हणून वापरू नये, याचे कारण एवढेच आहे. पण जी तरफ कुलपाला छळते, तीच परीक्षकाला मदतही करते. दाताशी ०.०५ मिलिमीटरचा सैलपणा डोळ्यांना दिसणार नाही. टोकाशी मात्र तो अर्धा मिलिमीटर होऊन हाताला जाणवतो. म्हणून चाकू उघडा, मूठ घट्ट धरा आणि पाते पाठीकडून, बाजूंकडून हलकेच हलवून बघा. आडवा सैलपणा बहुधा खिळीचा असतो आणि स्क्रू आवळला की जातो. उभा सैलपणा कुलपाचा असतो आणि तो सहसा जात नाही.

गेल्या काही दशकांत आणखी एक रचना रुजली. मुठीतली धातूची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते. मायकेल वॉकर या कारागिराने १९८० च्या दशकात तिला आजचे रूप दिले. तिचे विज्ञान मला फार सुंदर वाटते. बुडाचा टेकणारा पृष्ठभाग थोडा, साधारण सात-आठ अंशांनी, तिरका घासलेला असतो. उतार जास्त झाला तर भाराखाली पट्टी निसटते. फार कमी झाला तर ती अडकून बसते. मधल्या अरुंद पट्ट्यात घर्षण एकट्याने तिला धरून ठेवते. म्हणूनच खिळीला तेल द्यावे, पण या टेकूच्या जागी देऊ नये.

पात्याच्या पोलादाबाबत जाहिराती एक आकडा ठळक छापतात: रॉकवेल कठीणपणा. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादात किती खोल रुततो, ते हा आकडा सांगतो. ह्यू रॉकवेल आणि स्टॅनली रॉकवेल यांनी ही पद्धत शोधली ती बेअरिंगची कडी तपासण्यासाठी. तिच्यावरून चाकूची निम्मी हकीकत कळते, कारण काठिण्य वाढले की चिवटपणा बहुधा घटतो. ‘११०’चे सुरुवातीचे पाते सुमारे एक टक्का कार्बनच्या ४४०सी पोलादाचे होते. पुढे कंपनी ४२०एचसीकडे वळली. त्यात कार्बन निम्म्याहून कमी आणि क्रोमियमही कमी, त्यामुळे क्रोमियम कार्बाइडचे मोठे, ठिसूळ कण फारसे उरत नाहीत. धार तुलनेने लवकर बोथट होते, पण तिचे टवके कमी उडतात आणि ती पुन्हा लावणे सोपे जाते. पोलादाला पाणी देण्याचे काम पॉल बॉस या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काटेकोरपणे झाल्याने हे साधे पोलादही ५८ पर्यंत पोहोचले. स्वस्त पोलाद नीट तापवून नीट निववलेले असेल, तर हयगयीने हाताळलेल्या महाग पोलादापेक्षा मी तेच घेईन.

टवक्यांचे महत्त्व एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. दाढीच्या पात्याहून केस सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो पाते बिघडवतो. पोलादाची अंतर्रचना जिथे एकसारखी नसते, तिथे वाकलेल्या केसाचा ताण एकवटतो आणि बारीक टवका निघतो. एकजिनसी पोलाद का हवे, ते यावरून कळते.

जाडीबद्दल थोडक्यात. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. तीनऐवजी चार मिलिमीटर केले की तो सव्वादोन पटींहून अधिक होतो. पण तेच जाड पाते गाजर चिरत नाही, पाचरीसारखे फोडते. दणकट दिसणारे कित्येक चाकू कापायलाच वाईट असतात ते यामुळे.

धार किती टिकते हे मोजायला प्रयोगशाळेत सिलिकाचे कण मिसळलेला कागद ठरावीक भाराखाली वारंवार कापतात. घरी काथ्याचा दोर आणि पुठ्ठ्याचे खोके पुरते. दोर कापत राहायचे आणि मधूनमधून वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचा. कागद अडकून फाटू लागला की धार उतरली. पात्याची पाठ लाकडावर जोरात आपटून कुलूप तपासायची चाल मात्र मला पटत नाही. तो धक्का रोजच्या कामात येत नाही आणि चांगल्या कुलपाचीही झीज करतो.

या कसोट्यांवर ‘११०’ कुलपात आणि चिवटपणात उत्तम उतरतो, धार टिकवण्यात मध्यम. वजन ही त्याची खरी अडचण आहे. २०० ग्रॅमचे पितळ आणि पोलाद शर्टाच्या खिशात ठेवता येत नाही, आणि त्याच्यासोबत आजही कमरपट्ट्याला अडकवायचे छोटे म्यान लागते.