बाळाच्या कपड्यांवरून गेलेले पाखरू
(चिनी भूतकथांच्या आरशात आपले बालग्रह)

वारणा खोऱ्यात बालरुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक वैद्याने एक वाक्य केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. "कापडं रातभर दोरीवर ऱ्हायली हुती, डॉक्टर. वरनं पाखरू गेलं असंल." बहुधा आजी बोलते, आई खाली पाहत उभी असते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत हे वाक्य ऐकून मी हसलो होतो. त्या हसण्याची किंमत एका मुलाने चुकविली. ती हकिकत पुढे येईलच. प्रथम, हे पाखरू कोठून कोठवर उडते, ते पाहू.

ली शिचेन या चिनी वैद्याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेला 'बन्त्साव कांगमू' हा महानिघंटु औषधिशास्त्राच्या अभ्यासकांना नावाने तरी परिचित आहे. त्यात पक्ष्यांच्या वर्गात 'कूहुओन्याव' नावाच्या एका विलक्षण पक्ष्याची नोंद आहे. बाळंतपणात मरण पावलेली स्त्री हा पक्षी होते, अशी समजूत त्यात सांगितली आहे. पिसे अंगावर चढविली की ती पक्षी होते, उतरविली की पुन्हा स्त्री. ती दुसऱ्यांची मुले पळविते. रात्री उघड्यावर राहिलेल्या बाळाच्या कपड्यांवर ती रक्ताच्या थेंबाची खूण करून जाते आणि मग त्या बाळास झटके येतात किंवा ते वाळत जाते. यास्तव मुलांचे कपडे रात्री बाहेर ठेवू नयेत, असा इशारा तेथे दिलेला आहे.

आपल्याकडेही दिवेलागणीनंतर बाळाची दुपटी घरात घेण्याची रीत आहे. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ किंवा अळवंतीण होते, ही समजूत आहे. आणि सुश्रुताच्या नऊ बालग्रहांत 'शकुनी' आहे, जिचे नावच पक्षिणी! हजारो कोस अंतरावरील दोन समाजांनी एकच भीती एकाच रूपात पाहावी, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. मुलांचे आजार रात्री बळावतात व आई रात्रीच एकटी जागत असते. त्यामुळे भीतीचे रूप दोन्हीकडे सारखे होणे स्वाभाविक आहे. परंतु काही बालग्रहांच्या बाबतीत तर लेखी पुरावाच उपलब्ध आहे. ते खरोखरच येथून तेथे गेले.

बालग्रहांचा चीन-प्रवास

सहाव्या शतकात बोधिरुची या भारतीय भिक्षूने उत्तर वेई राजवटीत बालरक्षणाचे एक धारणीसूत्र चिनी भाषेत आणले. त्यात मुलांना पीडा देणाऱ्या पंधरा भुतांची यादी आहे. चिनी उच्चारांचे आवरण दूर केले की आतून स्कंद, अपस्मार, रेवती, पूतना, शकुनी, मुखमंडिका अशी आपल्या परिचयाची नावे निघतात. प्रत्येकास एक रूप आहे : रेवती कुत्र्याच्या रूपात, पूतना डुकराच्या, शकुनी पक्ष्याच्या. प्रत्येकाचे लक्षणही दिले आहे. अपस्माराने पछाडलेल्या मुलाच्या तोंडास फेस येतो, असे ते सूत्र सांगते. पुढे दहाव्या शतकाच्या अखेरीस, सोंग राजवटीत, रावणाच्या नावावर असलेले कुमारतंत्रही चिनी भाषेत गेले. फ्रेंच पंडित झाँ फिलिओझा यांनी 1937 साली त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

म्हणजे चिनी भुतांच्या अफाट गर्दीत आपली कौमारभृत्याची मंडळी कधीच जाऊन बसलेली आहेत.

अजिंठ्याची हारीती

या प्रवासातील सर्वांत बोलकी साक्ष महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या बाजूच्या उपगृहात हारीती व तिचा पती पांचिक यांची शिल्पे आहेत. हारीती मूळची यक्षिणी. तिला पाचशे मुले होती आणि ती राजगृहातील इतरांची मुले खात असे. बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. ती वेडीपिशी होऊन शोधू लागली. पाचशेंपैकी एक हरवले तर तुझी ही अवस्था, मग ज्यांना एकदोनच आहेत त्यांचे काय होत असेल, या प्रश्नाने ती भानावर आली. मात्र तिने विचारले, आता माझी मुले खातील काय? तेव्हा विहारातील अन्नाचा वाटा तिला रोज द्यावा, असे ठरले. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग लिहितो की, विहारांच्या देवडीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेली हारीतीची प्रतिमा असे व तिला रोज अन्न वाढले जाई. चीनमध्ये हीच हारीती 'ग्वेइझमू', म्हणजे भूतबालकांची माता, या नावाने प्रसिद्ध झाली. पात्राखालील मूल सोडविण्यासाठी धडपडणारी तिची भूतसेना हा चिनी चित्रकारांचा आवडता विषय ठरला.

आता सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ग्रहोत्पत्तीची कथा आठवावी. बालग्रह निर्माण झाले ते मुळात कुमार स्कंदाच्या रक्षणासाठी. स्कंद देवसेनापती झाल्यावर त्यांनी उपजीविका मागितली, आणि जेथे शौच व आचार पाळले जात नाहीत, अतिथीला अन्न नाही, फुटक्या कांस्यपात्रात जेवण होते, अशा घरांतील मुले त्यांना नेमून देण्यात आली. हारीती भक्षकाची रक्षक झाली, बालग्रह रक्षकांचे भक्षक झाले. परंतु दोन्ही कथांत भुताला हाकलून न देता त्याला नियम व वाटा देऊन बांधले आहे. आपल्या करवीर क्षेत्रातही कोल्हासुराला देवीने मारले, पण नगरीला नाव त्याचेच राहिले. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटतो तेव्हा त्या असुराचीही आठवण निघते. भीतीला नाव, स्थान व दिवस देणे ही लोकमनाची जुनी चिकित्साच आहे.

दाराला बांधलेली औषधे

औषधी दुकानदार बंधूंना अधिक जवळचा वाटेल असा भाग पुढे आहे. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी चीनमध्ये त्वानवू हा सण असतो. हा उष्म्याचा, विंचूसर्पांचा व साथींचा काळ. त्या दिवशी दाराला दोन वनस्पती बांधतात. एक वेखंडाची लांब पाने; ती तलवारीसारखी दिसतात म्हणून भुते भितात, असा समज आहे. दुसरी आर्टेमिसिया कुळातील, म्हणजे आपल्या दवण्याची बहीण. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, तो याच कुळातील. ज्या जोतिबाने रत्नासुराला मारले त्याला हीच सुगंधी वनस्पती प्रिय असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वेखंड तर आपल्याकडे बाळाच्या टाळूपासून घुटीपर्यंत सर्वत्र आहे.

त्या सणातील तिसरे द्रव्य मनःशिळा. ती मद्यात घालून पिण्याची जुनी चाल होती. मनुष्यरूपातील श्वेतसर्पिणी हे मद्य पिताच मूळ रूपात प्रकट झाली, ही कथा चीनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. आपल्या ग्रंथांतही भूतोन्मादातील अंजनांत मनःशिळा आढळते.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. मनःशिळा हे सोमलाचे संयुग असून औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये तिचा समावेश आहे; शोधन, मात्रा व लेबलवरील सावधगिरीची सूचना यांत हयगय चालणार नाही. वेखंडातील बीटा-असॅरोन या घटकामुळे अमेरिकेने 1968 साली खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. भारतीय वेखंडात हा घटक अधिक असतो. तान्ह्या मुलास घुटीत किती वेढे उगाळावेत, हे आजीच्या हातावर न सोडता वैद्याने सांगावे. धूपनाचेही तसेच. सुश्रुताने व्रणितासाठी मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांचा धूप दिवसातून दोनदा, दहा दिवस सांगितला. त्यामागे निशाचरांपासून व्रणिताच्या रक्षणाचा विचार आहे. जंतूंचे ज्ञान झाल्यानंतर त्या निशाचरांकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहू शकतो. परंतु दम लागलेल्या अर्भकाच्या बंद खोलीत धूर करणे अपायकारकच होय.

ग्रंथ काय म्हणतात?

भूतविद्या हे अष्टांगांपैकी एक अंग. त्याविषयी आपल्यापैकी काही जण संकोचतात, तर काही जण त्याच्या आडून नको ते करतात. मूळ ग्रंथ दोघांच्याही पुढे आहेत. चरकाचार्य उन्मादनिदानात स्पष्ट सांगतात की, ज्याने स्वतःच्या कर्माने स्वतःला क्लेश दिले नाहीत त्याला देव, गंधर्व, राक्षस वा पिशाच पीडा देत नाहीत. मूळ प्रज्ञापराधात आहे. सुश्रुत म्हणतात की, ग्रह स्वतः मनुष्याच्या शरीरात शिरत नाहीत, आणि मोहाने तसे म्हणणाऱ्यास भूतविद्येच्या क्षेत्राबाहेर काढावे. त्यांच्या परिचारकांचा प्रवेश मात्र ते मानतात, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

चीनमध्ये सातव्या शतकातील सुन सिम्याव या थोर वैद्याने मनोविकारांसाठी तेरा 'भूतबिंदू' सांगितले. त्यांतील एक नाक व वरचा ओठ यांच्यामधील खळगीत आहे. नाव भुताचे, पण हात वैद्याचा व सुई शरीरातील नेमक्या स्थानी. नावाआड निरीक्षण दडलेले असते, ते असे.

ती हकिकत

नव्वदच्या दशकातील गोष्ट. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीवरून दीड वर्षाचे मूल आणले होते. ताप होता, ते दूध घेत नव्हते. आजीने दोरीवरच्या कपड्यांची गोष्ट सांगितली आणि मी हसलो. म्हटले, "आजी, पाखरं रोजच उडतात." ज्वराचे औषध दिले व दुसऱ्या दिवशी बोलावले. ती माणसे आली नाहीत, देवऋषाकडे गेली. तिसऱ्या दिवशी मूल परत आले, तेव्हा तोंडास फेस होता, अंग मधोमध वाकले होते, डोळे वर लागले होते आणि शुद्ध नव्हती. त्याला तातडीने कोल्हापूरला हलविले. मेंदूच्या आवरणाचा दाह होता. मूल वाचले, पण एका कानाने त्याला ऐकू येईनासे झाले.

त्या रात्री मी उत्तरतंत्र उघडले. नैगमेष ग्रहाची लक्षणे : फेन, मध्यभागी वाकणे, ऊर्ध्वदृष्टी, सततचा ज्वर, संज्ञानाश. परीक्षेसाठी हे सारे मी पाठ केले होते. आजी तिच्या भाषेत हेच भय सांगत होती. मी ऐकून घेतले असते, तर पुढचे प्रश्न सुचले असते : मूल दचकते का, मान ताठ वाटते का, टाळू फुगली आहे का? आणि मुख्य म्हणजे ती माणसे माझ्याकडेच परत आली असती.

तेव्हापासून पाखराची गोष्ट निघाली की मी म्हणतो, "कपडे उकळून उन्हात वाळवा, चांगलेच आहे. आता बाळाला बघू." आजीचा मान राहतो आणि तपासणीचा वेळ वाचतो. तापात झटके, ताठ मान, फुगलेली टाळू, गुंगी किंवा स्तनपान पूर्ण सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण वा छळ होत असेल, तर 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तो गुन्हा आहे, हेही कुटुंबास शांतपणे सांगावे.

हारीतीने विचारले होते, माझी मुले खातील काय? भुताच्या तोंडी असला तरी तो प्रश्न आईचाच आहे. दवाखान्याच्या दारात "बाहेरचं आहे" म्हणत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आईच्या तोंडीही तोच असतो. त्याचे उत्तर देणे, हीच आपली भूतविद्या.