आखाड्याची वर्गणी, आजोबांचा सदरा

आखाड्याची मुले वर्गणीसाठी दारी आली, की पूर्वी त्यांच्या हाती पावतीपुस्तक असे. आता कोठे कोठे त्याच्या जोडीला टी-शर्टही येतो : छातीवर गदा, पाठीवर व्यायामशाळेचे नाव. आपला यवतमाळ जिल्हा तर कापसाचा. येथील मल्लांसाठी येथेच शिवलेला सुती सदरा विकला जावा, ही कल्पना कोणालाही रुचेल.

मल्ल स्वतःच्या मेहनतीने घडतो खरा. पण त्याचा खुराक, मॅट आणि प्रवास यांना समाजाचा हातभार लागतोच. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे कुस्त्या लढवून, मिळालेल्या पैशांतून त्यांनी ते घरही सोडवून दिले.

तेव्हा वर्गणी अवश्य द्यावी. मात्र टी-शर्ट घरातील वृद्धांसाठी घेत असाल, तर तो कपाटात पडून न राहता त्यांच्या अंगाला सुखाचा व्हावा, हे पाहावे.

वार्धक्यात त्वचा पातळ व कोरडी होते आणि उष्णतेशी जुळवून घेण्याची शरीराची शक्ती मंदावते. आपल्याकडील उन्हाळ्यात घाम टिपणारे, हलके, निव्वळ सुती कापडच बरे. छातीभर रबरासारखी जाड छपाई असेल, तर तेवढ्या भागातून वारा खेळत नाही. लहान चिन्ह असलेला सदरा मागून घ्यावा. माप एक क्रमांक सैल असावे. नवे कापड प्रथम धुऊन मगच अंगावर घालावे.

खांदा आखडला असेल, तर डोक्यावरून कपडा घालताना वेदना होतात. अशा वेळी शिंप्याकडून टी-शर्ट पुढून उभा कापून घ्यावा आणि चिकटपट्टी किंवा मोठी बटणे लावून घ्यावीत. पक्षाघात झालेल्या व्यक्तीला सदरा चढवताना आधी अधू हात बाहीत घालावा. उतरवताना आधी सशक्त हात मोकळा करावा. अधू हात ओढू नये. कोपर व मनगट यांना आधार द्यावा.

घरातील नातू किंवा नात आखाड्यात जात असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. अंगाला अंग घासल्याने व एकमेकांचे टॉवेल वापरल्याने नायटा पसरतो. सरावाचे कपडे रोज धुऊन कडक उन्हात वाळवावेत, ते वृद्धांच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि मुलाने घरी येताच साबणाने स्नान करावे. मधुमेही व्यक्तीच्या अंगावर खाजरा, गोल चट्टा दिसला, तर दुकानातून परस्पर मलम आणू नये. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण नायटा आत वाढत राहतो. डॉक्टरांनाच दाखवावे.

पैसे देताना किमतीपैकी किती रक्कम आखाड्याकडे जाणार, हे मोकळेपणाने विचारावे आणि पावती घ्यावी. पैसे मोबाइलवरून द्यायचे असल्यास वृद्धांनी आपला पिन कोणासही सांगू नये.

आणि सदरा आणलात, तर एखाद्या सायंकाळी आजोबांना तो घालून आखाड्यापर्यंत घेऊन जा. पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. एकेकाळी त्यांनीही दंगल पाहिली असेल, कदाचित लंगोटही कसला असेल. मुलांना त्यांचे डाव विचारू द्या. घरी परतल्यावर ते त्या संध्याकाळी किती बोलतात, हे आपण स्वतःच पाहा.