उघड्या टपाची मोटार आणि फ्रिजवरचं लोहचुंबक

आमच्या यांना तरुणपणापासून एमजीबीचं वेड. उघड्या टपाची ही इंग्रज मोटार ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० पर्यंत बनत होती. सत्तरी ओलांडल्यावर आम्ही म्हटलं, आता नाही तर कधी?

लंडनबाहेर एक लालबुंद गाडी पाहिली. यांनी लगेच चेकबुक चाचपलं.

मुलांनो, या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालची पोकळ पोलादी पट्टी, म्हणजे सिल, हाच तिचा कणा. तिच्यात पाणी मुरून आतून गंज चढतो, आणि वर पुट्टी भरून रंग मारला की आजार दिसत नाही. आम्ही जन्मभर नर्सिंग केलेलं, नुसत्या चेहऱ्यावर भुलतो थोडेच! पर्समधून फ्रिजवरचं लोहचुंबक काढून सिलवर लावलं. टपकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पुट्टीला चुंबक चिकटतं कुठे? मालक आभाळाकडे बघू लागला. घरी येईपर्यंत हे अवाक्षर बोलले नाहीत.

महिनाभराने दुसरी मिळाली, १९७२ची, आम्ही मुंबईहून इथं आलो त्याच सालची. क्रोमचे बंपर, १९७४ नंतरचे काळे रबरी यांना मुळीच पसंत नाहीत. रंग विटलेला, सीट उसवलेली. पण चुंबक घट्ट बसलं, आणि जॅकवर उचलूनही दार नीट लागलं. सीट आम्ही घरीच शिवली. चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून रोड टॅक्स माफ, आणि सुटे भागही मिळतात.

टप उघडला की मफलर मात्र लागतोच, अगदी जूनमध्येसुद्धा.